चिरकारी रक्तकर्करोग : पेशींतील खुणा आणि रुग्णाचे भवितव्य

नांदेड, बिलोली, देगलूर, उदगीर या भागांतून औषधोपचारासाठी हैदराबादला जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. तथापि दुखणे गावच्या उपायांनी बरे होईना म्हणजे हैदराबाद गाठावयाचे ही वहिवाट सीमाभागात टिकून राहिली. रेड हिल्स भागातील मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था किंवा पंजागुट्टा येथील निझाम वैद्यकीय विज्ञान संस्था (निम्स) यांच्या बाह्यरुग्ण विभागात मराठी बोलणे कानी पडले, तर त्यात नवल वाटावयास नको.

अशा रुग्णांपैकी काहींना तेथे रक्ताच्या चिरकारी, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या व दीर्घकाळ चालणाऱ्या, कर्करोगाचे निदान होते. परत येताना त्यांच्या पिशवीत गोळ्यांबरोबर तपासणीचे कागद असतात. त्यांवर ‘बीसीआर-एबीएल’, ‘टी३१५आय’, ‘१७ पी’ अशी अक्षरे आणि काही टक्केवारी छापलेली असते. गावात हे कागद वाचून दाखविण्याचे काम बहुधा शाळेतील गुरुजींकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांकडे येते. रुग्णाला जाणून घ्यावयाचे असते ते एकच : माझे पुढे काय होणार? वैद्यकात या प्रश्नाच्या उत्तरास फलानुमान म्हणतात. त्या अक्षरांचा आणि या प्रश्नाचा संबंध काय, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

एका नावाखालील दोन रोग

रक्तातील पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. तेथील एखाद्या पेशीत बिघाड होऊन तिची प्रजा अनिर्बंध वाढू लागली, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. तीव्र प्रकारात हा रोग काही आठवड्यांत उग्र रूप धारण करतो. चिरकारी प्रकारात मात्र महिने किंवा वर्षे जातात आणि पुष्कळदा रुग्णाला आपण आजारी आहोत याची जाणीवही नसते. चिरकारी प्रकाराचे पुन्हा दोन मुख्य भेद आहेत. एक मज्जापेशींचा, ज्यास डॉक्टर ‘सीएमएल’ म्हणतात. दुसरा लसीकापेशींचा, म्हणजे ‘सीएलएल’. पाश्चात्त्य देशांत दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो व तो बहुधा वृद्धांचा रोग असतो. आपल्याकडे तो विरळा आहे. उलट पहिला प्रकार भारतात अधिक दिसतो आणि तोही ऐन कर्तेपणाच्या वयात, तिशी-चाळिशीत. घरातील कमावता माणूसच आजारी पडत असल्याने या रोगाचा विचार केवळ वैद्यकीय राहत नाही.

मज्जापेशींच्या रोगात थकवा येतो, वजन घटते, रात्री घाम येतो, चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते आणि पोटाच्या डाव्या बाजूस बरगडीखाली गोळा लागतो. हा गोळा म्हणजे वाढलेली प्लीहा, ग्रामीण भाषेत पानथरी. पानथरी वाढली म्हणजे हिवताप, अशी समजूत आपल्या खेड्यांत जुनी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच येथे घोटाळा होतो. हिवतापाच्या उपचाराने पानथरी उतरत नसेल, तर रक्तातील पेशींची गणना करून घेण्यास विलंब लावू नये. निरोगी माणसाच्या रक्तात एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारणपणे ४,००० ते ११,००० असतात. या रोगात त्या लाखाच्या वर गेलेल्या पुष्कळदा आढळतात.

फिलाडेल्फियाचे गुणसूत्र

दहावीच्या विज्ञानात शिकविल्याप्रमाणे मनुष्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड या दोघा संशोधकांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असल्याचे आढळले. या शोधामागे एक गमतीची हकीकत आहे. नॉवेल यांनी काचपट्ट्या नळाच्या साध्या पाण्याने धुतल्या. त्यामुळे पेशी फुगल्या आणि एरवी एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रे सुटी सुटी दिसू लागली. त्या आखूड गुणसूत्रास शहराचेच नाव मिळाले. कर्करोगाच्या एखाद्या प्रकाराशी निश्चितपणे जोडला गेलेला हा पहिलाच गुणसूत्रीय बदल होय.

आखूड झालेला तुकडा कोठे गेला, हे मात्र तेरा वर्षे कोणास कळले नव्हते. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट रौली यांनी ते शोधून काढले. गुणसूत्रांची छायाचित्रे कापून त्या ती घरी जेवणाच्या मेजावर मांडीत आणि जुळवीत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते आहे, अशी त्यांची मुले थट्टा करीत. त्या जुळवाजुळवीतून असे दिसून आले की, गुणसूत्र २२ चा तुकडा गुणसूत्र ९ ला जाऊन चिकटला आहे व ९ चा थोडा भाग २२ वर आला आहे. तुकडा हरवला नव्हता. त्याची अदलाबदल झाली होती.

या अदलाबदलीने अनर्थ का होतो, हे पुढे १९८० च्या दशकात उलगडले. गुणसूत्र ९ वर ‘एबीएल’ नावाचे जनुक आहे. ते ज्या प्रथिनाचा साचा पुरविते, ते प्रथिन पेशीला वाढीचा इशारा देते आणि गरज संपली की थांबते. अदलाबदलीत हे जनुक २२ वरील ‘बीसीआर’ या जनुकास जोडले जाते आणि दोहोंच्या संयोगातून एक नवेच प्रथिन निर्माण होते. निरोगी पेशीत असे प्रथिन नसते. विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर अडकून बसावा आणि पिकाला गरज नसताना पाणी उपसले जात राहावे, तशी या प्रथिनाची गत असते. ते थांबतच नाही. बहुसंख्य रुग्णांत या प्रथिनाचा रेणुभार सुमारे २१० हजार एकके भरतो, म्हणून त्यास ‘पी२१०’ म्हणतात. थोड्या रुग्णांत ते ‘पी१९०’ असते व अशांचा रोग औषधास कमी दाद देतो, असे दिसून आले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो आणि तो मुलांकडेही जात नाही. तो जन्मानंतर मज्जेतील एका पेशीत घडतो. रोग स्पर्शाने किंवा उष्ट्याने पसरत नाही. ‘जनुकातील दोष’ हे शब्द ऐकून रुग्णाच्या मुलामुलींचे विवाह अडून राहावेत याला शास्त्रीय आधार नाही. गावातील जाणत्या मंडळींनी ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

मृत्यूची खूण औषधाचा पत्ता झाली

पूर्वी सीएमएलचे निदान झालेला रुग्ण साधारणपणे तीन ते पाच वर्षे बरा असे व नंतर रोग तीव्र रूप घेई. १९८४ साली सोकल यांनी वय, प्लीहा बरगडीखाली किती सेंटिमीटर उतरली आहे ते, रक्तबिंबिका आणि अपक्व पेशींचे प्रमाण या चार बाबींवरून रुग्णाचा धोका मोजण्याची रीत घालून दिली. ती आजही वापरली जाते आणि तिच्यासाठी मोजपट्टी, डॉक्टरांचा हात व साधी रक्ततपासणी पुरेशी होते. मात्र उपचार सुरू करण्यापूर्वी प्लीहा मोजली नाही, तर नंतर हा अंक काढता येत नाही. ही मोजणी पुष्कळ ठिकाणी राहून जाते, याचा खेद वाटतो.

त्यानंतर चित्र पालटले. अडकलेल्या त्या प्रथिनात एक खाच असते व पेशीतील ऊर्जा देणारे द्रव्य त्या खाचेत बसले की प्रथिन काम करू लागते. त्या खाचेत नेमके बसेल आणि तिची वाट अडवील असे औषध तयार करण्यात आले. इमॅटिनिब हे ते औषध होय. ब्रायन ड्रूकर या अमेरिकन डॉक्टरांच्या चाचण्यांनंतर मे २००१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. रोज एक वेळ तोंडाने घ्यावयाच्या या औषधाने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत आढळले. जी खूण पूर्वी केवळ मृत्यूची सूचना देत असे, तीच आता औषध कोठे लागू करावयाचे ते दाखवू लागली.

तथापि औषध असणे आणि ते रुग्णाच्या हाती पडणे यांत अंतर असते. नोव्हार्टिस या स्विस कंपनीचे ‘ग्लिव्हेक’ घेण्यास महिन्याला सुमारे १ लक्ष २० हजार रुपये पडत. त्या कंपनीने भारतातील हजारो रुग्णांना हे औषध विनामूल्य देण्याची योजना चालविली, हे नमूद करणे न्याय्य होईल. परंतु योजनेबाहेर राहणाऱ्याने काय करावे? २००३ साली हैदराबादच्या नॅटको या औषध कंपनीने हेच औषध ‘वीनॅट’ या नावाने बाजारात आणले. भारतीय कंपन्यांच्या अशा गोळ्या महिन्याला सुमारे ८ ते १० हजार रुपयांत मिळू लागल्या. पेटंटचा वाद मग दीर्घकाळ चालला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसाहाय्य संस्था आणि नॅटको यांच्यासह अनेकांनी पेटंटला हरकत घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. जुन्या द्रव्याच्या नव्या स्फटिकरूपाने औषधाची गुणकारिता वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय नवे पेटंट देता येणार नाही, असा निर्णयाचा आशय होता. आज या औषधाचा समावेश राष्ट्रीय आवश्यक औषधी सूचीत असून त्याची किंमत २००३ च्या मानानेही पुष्कळ उतरली आहे.

गणना पूर्ववत झाली, रोग गेला नाही

औषध सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत पांढऱ्या पेशी पूर्ववत होतात, पानथरी उतरते, भूक लागते. रुग्ण शेतावर जाऊ लागतो. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. रक्तगणना चांगली आली म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण प्रत्येक रुग्णालयास परिचित आहेत. गणना पूर्ववत झाली तरी मज्जेत रोगपेशी अब्जावधींच्या संख्येने शिल्लक असू शकतात. साध्या तपासणीत त्या दिसत नाहीत, एवढेच.

त्या मोजण्यासाठी रक्तातील बीसीआर-एबीएल या संयुक्त जनुकाचा माग घेणारी चाचणी करतात. तिचे उत्तर आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत टक्क्यांनी देतात. उपचाराच्या तीन महिन्यांनी हा आकडा १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा त्याखाली आणि वर्षाअखेर ०.१ टक्का किंवा त्याखाली यावा, अशी अपेक्षा असते. मूळ प्रमाणापासून ०.१ टक्का म्हणजे हजारातील एक भाग. जो आकडा वेळेवर उतरतो, त्या रुग्णाचे फलानुमान उत्तम. निदानाच्या दिवशी सोकल अंक काय होता, यापेक्षा या उतरत्या आकड्यास आज अधिक महत्त्व दिले जाते व ते योग्यच आहे.

आकडा न उतरण्याची दोन कारणे प्रामुख्याने संभवतात. पहिले कारण साधे आहे : गोळी चुकते. लंडन येथे ८७ रुग्णांच्या गोळ्यांची मोजदाद ठेवून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यापैकी सुमारे ९४ टक्के रुग्णांचा आकडा सहा वर्षांत ०.१ टक्क्याच्या पातळीला पोचला; ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्केच होते. ९० टक्के म्हणजे महिन्यातून तीन दिवस चुकणे. पेरणीची घाई, एखादे लग्न आणि एक चुकलेली गाडी, एवढ्यात तीन दिवस सहज जातात. काही जण डोळ्यांखाली येणारी सूज, पायांत येणारे गोळे किंवा मळमळ यांना कंटाळून औषध सोडतात. गोळी जेवणाबरोबर व पेलाभर पाण्यासह घेतल्यास मळमळ कमी होते. तरीही त्रास होत असेल, तर तो डॉक्टरांना सांगावा. मनाने मात्रा कमी करू नये.

दुसरे कारण जनुकाचे. रोगपेशींची वाढ होताना त्या प्रथिनाची खाचच बदलते आणि औषध तिच्यात बसेनासे होते. कागदावरील ‘टी३१५आय’ म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील ३१५ व्या जागी थ्रिओनिन या घटकाऐवजी आयसोल्युसिन आले, असा अर्थ. या एका बदलाने इमॅटिनिबच नव्हे, तर त्यानंतर आलेली डॅसॅटिनिब व निलोटिनिब ही औषधेही निरुपयोगी ठरतात. पोनॅटिनिब व २०२१ साली अमेरिकेत मान्य झालेले ॲसिमिनिब ही औषधे अशा वेळी उपयोगी पडतात. परंतु ती सहजी मिळणारी व परवडणारी नव्हेत. आठव्या गुणसूत्राची एक जादा प्रत, दुसरे फिलाडेल्फिया गुणसूत्र किंवा सतराव्याच्या एका भुजेची दुप्पट हेही बदल रोग पुढे सरकत असल्याचे निदर्शक मानले जातात.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील जनुकशास्त्र विभागाने निम्समधील रुग्णांच्या जनुकांतील बारीक जन्मजात फरकांचा आणि सीएमएलचा काही संबंध आहे काय, याचाही अभ्यास केलेला आहे. असे संशोधन मोलाचे असले, तरी रोजच्या उपचारात निर्णय अद्याप बीसीआर-एबीएलच्या आकड्यावरच होतो.

लसीकापेशींचा रोग

सीएलएलमध्ये सर्व रुग्णांत आढळणारी अशी एकच खूण नाही. जोधपूर येथे जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्ये कार्य केलेल्या डॉ. कांती राय यांनी १९७५ साली गाठी, प्लीहा, रक्तक्षय व रक्तबिंबिका यांवरून या रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायऱ्यांवरील रुग्णास पुष्कळदा औषधच देत नाहीत. केवळ लक्ष ठेवतात. ‘कर्करोग आहे आणि औषध नाही’ हे ऐकून नातेवाईक रुष्ट होतात, परंतु ही हयगय नव्हे. अशा अवस्थेत लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

एकाच पायरीवरील दोन रुग्णांपैकी एकास वीस वर्षे काही होत नाही व दुसऱ्यास दोन वर्षांत उपचार लागतात, असे का? १९९९ साली याचे एक उत्तर मिळाले. लसीकापेशी रोगजंतूंना तोंड देताना आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत बदल घडवून आणते. हे बदल झालेल्या पेशीपासून निघालेला रोग सौम्य असतो. ज्या पेशीत ते झालेच नाहीत, तिचा रोग आक्रमक असतो. ही चाचणी महाग असल्याने तिच्याऐवजी सोपी खूण शोधण्यात आली. पेशीच्या पृष्ठभागावरील ‘सीडी३८’ हे प्रथिन आणि पेशीच्या आतील ‘झॅप-७०’ हे प्रथिन अधिक प्रमाणात आढळल्यास रोग आक्रमक असण्याचा संभव अधिक, असे दिसून आले. परंतु सीडी३८ चे प्रमाण कालांतराने बदलते आणि झॅप-७० चे मोजमाप प्रयोगशाळेगणिक वेगळे येते. म्हणून २०१६ च्या आंतरराष्ट्रीय गुणांकात ही दोन्ही प्रथिने घेतलेली नाहीत. वय, रोगाची पायरी, प्रतिपिंड-जनुकाची स्थिती, ‘टीपी५३’ जनुक आणि रक्तातील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन एवढ्यांचाच त्यात समावेश आहे. केवळ सीडी३८ वाढले आहे, या कागदाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

यांपैकी टीपी५३ चा विचार सर्वांत महत्त्वाचा. हे जनुक सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. कागदावरील ‘१७ पी’ ती हीच. पेशीच्या जनुकद्रव्यास इजा झाली, तर हे जनुक त्या पेशीस मरावयास लावते. जुनी कर्करोगविरोधी औषधे अशी इजा करूनच रोगपेशी मारीत. ज्या पेशीतून हे जनुकच गळाले, ती इजा होऊनही मरत नाही. जर्मनीतील ३२५ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात १७ पी गळालेल्यांचे मध्यक आयुर्मान ३२ महिने भरले, तर केवळ तेराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्यांचे १३३ महिने. मात्र हे आकडे जुन्या औषधांच्या काळातील आहेत. २०१४ पासून इब्रुटिनिब व २०१६ पासून व्हेनेटोक्लॅक्स ही वेगळ्या मार्गाने काम करणारी औषधे या रोगात अमेरिकेत मान्य झाली आणि १७ पी गळालेल्यांचेही आयुष्य वाढले. म्हणून सीएलएलचा उपचार सुरू करण्यापूर्वी ही एक चाचणी तरी झालीच पाहिजे. तिच्याअभावी दिलेले जुने औषध वाया जाण्याचा संभव असतो.

कागद जपून ठेवा

निदानाच्या वेळचा कागद सर्वांत मौल्यवान असतो, कारण पुढील प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहावा लागतो. बीसीआर-एबीएलची चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी व उत्तर आंतरराष्ट्रीय श्रेणीत आहे ना, हे विचारावे. महाराष्ट्रातील रुग्णांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार मिळू शकतात, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी. मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण इमॅटिनिब गर्भास अपायकारक ठरू शकते.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. फ्रान्समध्ये किमान दोन वर्षे बीसीआर-एबीएल अजिबात न सापडलेल्या १०० सीएमएल रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करण्यात आली. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाहून अधिक काळ पाहणीत राहिलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांत रोगाची खूण परत दिसली व तीही बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू करताच ती आटोक्यात आली, कारण दर महिन्याला रक्त तपासले जात होते. नांदेडहून किंवा देगलूरहून दर महिन्याला वेळेवर अशी तपासणी करून घेणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी गोळी चालू ठेवणे हेच सध्या हिताचे आहे.